बिनवासाचा गॅस

बायको: दिव्याच्या बटणाला हात लावू नका. आधी ती खिडकी उघडा. पूर्ण.

नवरा: उघडली. झालं काय पण?

बायको: दूध उतू जाऊन शेगडी विझलीय आणि गॅस तसाच चालू. आता केला मी बंद. मागचं दारही उघडा आणि गॅलरीत चला.

नवरा: अगं, मी इथेच तर बसलो होतो. शब्दकोडं सोडवत.

बायको: तेच म्हणतेय मी. शेगडीपासून हातभर अंतरावर बसला होतात. मला खाली जिन्यातच वास आला. कामावरची पर्स खांद्याला तशीच ठेवून धावले.

नवरा: कोड्यात डोकं घातलं की मला कशाचं भान राहत नाही, तुला ठाऊक आहे.

बायको: भान नसलं तरी माणसाला नाक असतं. बसा इथे. मला अजून येतोय वास. तुम्हाला?

नवरा: मलाही येतोय. थोडासा.

बायको: कसला?

नवरा: गॅसचा. दुसरा कसला येणार?

बायको: गॅलरीत कुठला गॅस? शेजारच्या काकू आत्ताच फिनेल ओतून जिना धुवायला लागल्यात. नाकात बोळे घातले तरी कळेल इतका वास आहे.

नवरा: हळू बोल. त्यांना ऐकू जाईल.

बायको: कधीपासून हे?

नवरा: मागे तो ताप आला होता ना, तेव्हापासून. ताप उतरला, नाक काही परतलं नाही. वाटलं, येईल चार दिवसांत.

बायको: ताप उन्हाळ्यात आला होता. आता स्वेटर काढायची वेळ आली. म्हणजे ती करपलेली भाजी तुम्ही दोनदा मागून घेतलीत...

नवरा: करपली होती होय?

बायको: कोळसा झाला होता. मी मनात म्हटलं, या माणसाला एवढं प्रेम एकदम कुठून फुटलं.

नवरा: प्रेम होतंच गं. चव कळत नव्हती, एवढंच.

बायको: हसवू नका आता. प्लांटमध्ये सांगितलंत का?

नवरा: तिथे सांगण्यासारखं काय आहे? आमचा कच्चा माल इथेन. त्याला रंग नाही की वास नाही. शंभर नाकं रांगेत उभी केलीस तरी एकालाही कळायचा नाही.

बायको: मग हा शेगडीचा कसा घाण येतो?

नवरा: त्यात मुद्दाम वास मिसळतात, घरात जातो म्हणून. आमचा इथेन घरात जात नाही. बोटीतून येतो, धक्क्यावर उतरतो, टाकीत जातो, तिथून भट्टीत. त्याला वास कोण लावणार?

बायको: बोटीतून गॅस? पिंपात भरून?

नवरा: पातळ करून. उणे नव्वदच्या आसपास थंड केला की त्याचं पाणी होतं. पाण्यासारखंच दिसतं, पण वजनाला पाण्याच्या निम्म्याहून जरासंच जास्त. थंड आहे तोवर टाकीत गुमान पडून असतं. ऊब लागली की लगेच उकळायला लागतं, पुन्हा गॅस.

बायको: आणि गळलं तर? वास नाही, रंग नाही.

नवरा: डोळ्याने कळतं. एवढं गार असतं की पाइपावर बर्फ धरतो, हवेतली वाफ गोठून पांढरं धुकं होतं. ते वर जात नाही, जमिनीलगत सरकतं. म्हणून तिथली गॅस ओळखणारी यंत्रं खाली, गुडघ्याच्या उंचीला लावलीत. शिवाय प्रत्येकाच्या छातीवर एक मीटर असतो, तो वाजतो.

बायको: एवढं सांगताय म्हणजे काहीतरी टाळताय. लग्नापासून बघतेय मी. विषय अंगाशी आला की तुम्ही मास्तर होता.

नवरा: तू विचारलंस म्हणून सांगितलं.

बायको: तुम्ही टाकीवर काम करता का पण?

नवरा: नाही. भट्टीकडे.

बायको: तिथे काय असतं?

नवरा: तिथे इथेन वाफेबरोबर आठशेच्या वर तापवतात. पुरता सेकंदही लागत नाही, त्याचा हायड्रोजन सुटतो आणि उरतं ते इथिलीन. त्याचंच पुढे प्लास्टिक. तू कामाला जातेस त्या डेअरीत दुधाच्या पिशव्यांची रिळं येतात ना, ती त्याचीच. पाण्याचे काळे पाइप, बादल्या, कॅन, सगळं तेच.

बायको: बरं. आणि त्या इथिलीनला वास असतो?

नवरा: असतो. फिकट, गोडसर.

बायको: आलात ना वळणावर.

नवरा: मागच्या आठवड्यात पैलवान आणि मी तपासणीच्या फेरीवर होतो.

बायको: पैलवान म्हणजे तो काडीपैलवान?

नवरा: तोच. कॉम्प्रेसरपाशी थांबला. म्हणाला, गोड वास येतोय, तुला येतोय का? मी काय सांगणार? म्हटलं, वासाचं सोड, मीटर धरून बघू. बघितलं तर एका जोडातून बारीक गळत होतं, छातीवरचा मीटर आपणहून वाजावा इतकंही नाही. वर कळवलं, त्यांनी दुरुस्त केलं.

बायको: म्हणजे निभावलं.

नवरा: निभावलं, कारण त्याला नाक होतं. त्या जागी मी एकटा असतो तर सरळ पुढे गेलो असतो. तेव्हापासून झोप नीट लागत नाही मला.

बायको: मग सांगत का नाही?

नवरा: सांगितलं की बाहेरची फेरी बंद. स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवतील, हातमोजे मोजायला. माझा जन्म त्या पाइपांमध्ये गेलाय गं. कुठला व्हॉल्व्ह कसा कुरकुरतो ते मला कळतं.

बायको: कळतं, पटतंय मला. पण तो काडीपैलवान तुमच्या भरवशावर चालतो. त्याची बायको माझ्यासारखीच वाट बघत असेल. उद्या सांगा.

नवरा: आणि नाहीच सांगितलं तर?

बायको: तर तुम्ही नाही सांगणार असं मला वाटत नाही.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पुन्हा गॅलरीत.)

बायको: चहा घ्या आधी. मग बोला.

नवरा: सांगितलं. आधी प्लांटच्या डॉक्टरीणबाईंना. त्यांनी डोळे मिटायला लावून एकेक बाटली नाकाशी धरली. मी प्रत्येकीला नाही, नाही म्हणत गेलो. शाळेत पाढा न येणाऱ्या पोरासारखं झालं होतं.

बायको: आणि साहेब?

नवरा: त्यांनी एवढंच विचारलं, पैलवानाला माहीत होतं का? म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग आधी त्याच्याकडे जा, माझ्याकडे नंतर ये.

बायको: बरोबर बोलले.

नवरा: गेलो. तो डबा खात बसला होता. ऐकून घेतलं. मी उठायला लागलो तर डब्याचं झाकण पुढे सरकवलं. म्हणाला, खा, आज मी स्वतः केलंय, तुझ्याइतकं बरं गिऱ्हाईक मला मिळायचं नाही.

बायको: चांगला आहे हो तो.

नवरा: चांगला आहे. पण हात धुताना पाठ फिरवून म्हणाला, त्याच दिवशी सांगायचं होतंस. तेवढं लागलं.

बायको: लागू दे. खोटं नाही बोलला. मग, हातमोजे का?

नवरा: नाही. टाकी आणि धक्का. इथेनकडे. भट्टीकडे जायचं नाही आणि फेरी एकट्याने करायची नाही. दुपारी गेलोही. तिथल्या प्रमुख बाईंनी पहिलंच वाक्य ऐकवलं, इथे नाकावर विसंबायचं नाही, कुणीच. म्हटलं, बाई, मी अगदी योग्य जागी आलोय.

बायको: हसल्या?

नवरा: नाही. त्या फारशा हसत नाहीत. पण बोट लागली होती. माल उतरत होता आणि भर उन्हात त्या नळ्यांवर बर्फ चढत होता. भट्टीचं दुःख आहेच, पण तेही बघण्यासारखं आहे.

बायको: मीही एक काम केलं. गॅस गळला की ओरडणारा भोंगा आणलाय. ओट्याच्या वर लावायचा ना?

नवरा: खाली, जमिनीजवळ. शेगडीचा गॅसही हवेपेक्षा जड. आणि हे बघ, डॉक्टरीणबाईंनी या चार बाटल्या दिल्यात. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या. नाकाची तालीम म्हणे.

बायको: येतं मग परत?

नवरा: काहींचं येतं, काहींचं नाही. हुंगताना तो वास आठवायचा असतो, म्हणे. दे बरं लिंबाची.

बायको: घ्या. काय येतंय?

नवरा: काही नाही.

बायको: आठवतोय तरी?

नवरा: नाही आठवत. तू सांग ना, कसा आहे?

बायको: वास कसा सांगायचा? म्हणजे... सकाळी कुणी ओलं कापड जोरात झटकावं आणि तोंडावर बारीक तुषार उडावेत, तसा.

नवरा: हं.

बायको: कळलं काही?

नवरा: वास नाही आला. पण कळलं. आता लवंग सांग.