दाजीशेटची दसऱ्याची टोपली

मंडळी, मला एक सांगा — मजुरी वाढली, पण घरात काहीच वाढलं नाही, तर ती वाढली म्हणायची का? बोला की! बरं, मग ऐका.

विणकरांचं एक गाव होतं. तिथं दाजीशेटचे चाळीस माग. शेट भला माणूस बरं का — एकादशी न चुकवणारा, खोटं न बोलणारा! त्याच्या आज्यानं एक रीत घालून दिलेली. दरसाल दसऱ्याला बाजारातून एक टोपली भरून आणायची. ज्वारी, गूळ, तेल, शिकेकाई, पानसुपारी, कंदिलाची काच. जिन्नस तेच, माप तेच. टोपली जितकी महागली, तितकी मजुरी वाढवायची. सांगा, आहे की नाही न्यायाची रीत?

त्या मागांवर हौसाबाई कांड्या भरायची. सूत गुंडाळून गुंडाळून बोटं झिजली, पण बाई हसतमुख. काळजी एकच — लेक सुमन एस.टी.नं तालुक्याला कॉलेजात जायची, आणि पास महागला होता. यंदा मजुरी नीट वाढली नाही, तर पोरीचं कॉलेज बंद!

दसरा आला. शेट म्हणाला, "यंदा टोपली शेकडा दोननं महाग. मजुरीही तेवढीच वाढली." हौसानं बोटांवर हिशोब केला — एवढ्यात पास निघत नव्हता. पण बाई खमकी. म्हणाली, "शेट, ही टोपली आठ दिवस मला द्या. हिच्यावर घर चालवून बघते."

आठव्या दिवशी तिनं सगळ्यांदेखत टोपली परत ठेवली. निम्मी भरलेली! शेट खूश — "बघा, पुरून उरली."

"उरली न्हाई शेट, लागलीच न्हाई. कंदील हाय कुणाकडं? ह्या उरलेल्या वस्तू कुणी घेत न्हाई, म्हणून तर महागत न्हाईत. आमाला लागतं ते हिच्यात कुठंय? गॅसचा सिलिंडर, सासूच्या गोळ्या, पोरीचा पास?"

शेट चपापला. "अगं, पण मजुरी वाढवली तर लुगडं महागेल. गिऱ्हाईक जाईल."

"दोन वर्सांत लुगड्याचा भाव दोनदा वाढवलात. गेलं का गिऱ्हाईक?"

आता आली का पंचाईत! खोटं तर बोलता येईना. शेट डोकं खाजवत हसला. "नाही गेलं," म्हणाला.

त्या सालापासून टोपलीत काय घालायचं ते मागांवरच्या बायका ठरवू लागल्या. मजुरी शेकडा नऊनं वाढली. सुमनचा पास निघाला. शेटनं आज्याच्या तसबिरीपुढं हात जोडले — "रीत तुमचीच आज्जा, जिन्नस तेवढे बदलले." आणि त्या दिवशी शेटला जेवण गोड लागलं.

हसताय? पुढं बसलेले दादा सगळ्यांत मोठ्यानं हसताहेत! दादा, तुमच्याकडं धुणंभांडी करायला ताई येतात ना? दरसाल पन्नास रुपये वाढवता आणि दानधर्म केल्यासारखे मिशीवरून हात फिरवता. कधी विचारलंत का — ताई, तुमच्या घरी यंदा काय महागलं?

उद्या सकाळी विचारा. ती सांगेल ते उभं राहून ऐका, आणि मगच देवघरात जा. त्या दिवशीची पूजा पोचेल.