यादीतली प्रश्नचिन्हं

बैरूतमध्ये मनाकीश रोटीच्या दुकानासमोरच्या रांगेत माझ्यापुढे लॅपटॉप उघडून दोघं उभी होती. युद्धात हरवलेल्यांची यादी त्यांच्या कचेरीत असते.

"नख्लेकाका, सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं झालीत! मी स्वतः कमांड टाइप केली की यादी नीट चढते, आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून चढवली की सत्यानाश."

"अगं झल्फा, तुझ्या स्क्रीनला अरबी येतं. स्क्रिप्टला कोण सांगणार? तिच्यातल्या कमांडमध्येच लिही ना, अक्षरं अरबी आहेत म्हणून!"

"लिहिलं... आली! काका, नावं आली!"

"बघ! उगाच रडत होतीस."

"पण शेवटच्या रकान्यात अजून प्रश्नचिन्हंच आहेत."

"कुठल्या?"

"'सध्या कुठे आहे?'"

"ती राहू देत, पोरी. ती अर्जावर त्यांच्या आयांनीच लिहिलीत."