जमेलही, नाहीही जमायचं

नाव पेरीन ओव्रे, वय चोवीस, धंदा घरच्या पाहुणखोल्या सांभाळणे, राहणार जने, उपसागराच्या काठी, नॉर्मंडी. अव्राँश येथील ठाण्यात जमादार कास्तान्ये यांच्यासमोर बसून सांगते ते असे:

मी वरील ठिकाणी वडिलांसोबत राहते. आई हयात नाही. वडील आँसेल्म ओव्रे हे ओहोटीच्या वेळी वाळूतून माणसांना पायी डोंगरापर्यंत नेतात. डोंगर म्हणजे सें-मिशेलचा मठ. आमच्याकडे त्याला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. वाटेत एक ओसाड खडक आहे, तोंबलेन. वडिलांकडे वाटाड्याचा परवाना आहे आणि त्यांना दुसरे काही काम येत नाही.

मादाम ओदील फेराँ, राहणार लियाँ, वय अदमासे सत्तर, या परवा आमच्याकडे उतरल्या. त्यांनी रुआँचे मोठे देऊळ पाहिले होते, समुद्राकाठची सैनिकांची दफनभूमी पाहिली होती, आणि तिथे पाय दुखेपर्यंत उभी राहिले असे त्या म्हणाल्या. वाळूतून अनवाणी चालायचे तेवढे राहिले होते. आज दुपारी त्यांची परतीची गाडी होती.

काल जेवणाच्या वेळी टेबलावर वडील, फेराँबाई आणि मी असे तिघे होतो. बाईंनी सफरचंदाची सायडर दोनदा मागून घेतली. त्या वडिलांना म्हणाल्या की तुमच्या दारात डोंगर आहे आणि मी तो खिडकीतूनच पाहून जाणार, हे लियाँत सांगितले तर लोक हसतील. वडील म्हणाले, लियाँचे लोक हसतात हे आम्हाला माहीतच नव्हते. त्यावर त्या खूप हसल्या. मग त्यांनी विचारले, सकाळी मी एकटी त्या खडकापर्यंत जाऊन येऊ शकते का?

वडील म्हणाले, "जमेलही, नाहीही जमायचं."

हे शब्द असेच होते. त्यानंतर वडील ताट उचलून बाहेर गेले.

जमादारांनी विचारले की याचा अर्थ हो की नाही. मी सांगितले की आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असाच होतो. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. समोरच्याने समजून घ्यायचे असते आणि जनेमध्ये लहान मूलसुद्धा समजते. जमादार तुलूझचे आहेत. ते म्हणाले, "सरळ नाही म्हटलं तर तुम्हा नॉर्मन लोकांची जीभ झिजते का हो?" मी म्हणाले, "झिजत नाही, साहेब. पण तसं म्हणत नाहीत."

वडील बाहेर गेल्यावर फेराँबाई स्वयंपाकघरात माझ्यामागे आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, हे तुझे वडील बोलले ते काय? तू तरी सांग." मी म्हणाले, "म्हणजे दोन्ही. त्यात हो पण नाही आणि नाही पण नाही." मी नुसत्या शब्दांचा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावरच सोडलं म्हणा की!" यावर मी काही बोलले नाही. तेव्हा मी भट्टीत भाजलेली दालचिनीची खीर बाहेर काढत होते असे मी मघाशी तोंडी सांगितले, ते दुरुस्त करावे. खीर आधीच काढून ठेवलेली होती, माझे हात रिकामे होते.

आज सकाळी न्याहारीला बाई खाली आल्या नाहीत म्हणून वर गेले. अंथरूण नीट घातलेले होते. बूट मागच्या दारापाशी होते, मोजे आत घडी करून ठेवलेले. बाहेर धुके होते, अंगणातले सफरचंदाचे झाड दिसत नव्हते. वडिलांना सांगितले. त्यांनी काठी घेतली आणि ते गेले, कॉफी तशीच राहिली. मी फोन करून बचाव पथकाला कळवले. धुक्यामुळे हेलिकॉप्टर निघाले नाही.

त्यानंतर मला इथे बोलावण्यात आले. कारण असे सांगण्यात आले की आई बेपत्ता असल्याचे कळल्यावर बाईंच्या मुलाने लियाँहून ठाण्यात फोन केला. काल रात्री आई त्याच्याशी बोलली आणि म्हणाली, वाटाड्या स्वतः म्हणतो की जमेल.

जबाब चालू असताना मी तीन-चार वेळा उठून खिडकीशी गेले. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, तिथून समुद्र दिसत नाही. तरी गेले. भरती कधी येते हे मला विचारावे लागत नाही आणि ती तेव्हा येत होती.

याच दरम्यान वडिलांचा फोन ठाण्यावर आला. जमादारांनी तो मला ऐकू येईल असा लावला. वडील म्हणाले, "बाई खडकावर सापडल्या. घोटा सुजलाय, गारठल्यात. बोलणं मात्र शाबूत आहे." पाणी चारी बाजूंनी आले आहे, ओहोटी लागेपर्यंत दोघे तिथेच बसतील, असे त्यांनी सांगितले. आपले जाकीट बाईंना दिले आहे, असेही ते म्हणाले. वडिलांना दम्याचा त्रास आहे. त्यांनी दुसरे जाकीट नेलेले नव्हते.

जमादारांनी त्यांना विचारले, "काल तुम्ही बाईंना जा म्हणालात का?"

वारा ऐकू येत होता. मग वडील म्हणाले, "पेरीनला विचारा. तिच्या आईनं तिला शब्द गिळायला शिकवलं नाही."

फोन बंद झाला.

शाळेत जाण्याआधी मी पुष्कळ वर्षे घरीच, आईपाशी शिकले. आई वाचून दाखवी, मी लिही. एखादा शब्द गळला तर ती रागवत नसे, फक्त पुन्हा पहिल्यापासून वाची. याचा या कामाशी संबंध नाही असे जमादार म्हणाले. तरी ते लिहून घ्यावे अशी मी विनंती केली.

मग जमादारांनी पेन खाली ठेवले. ते म्हणाले, "हे बघा, बाई जिवंत आहेत. अर्थ 'नाही' असाच आहे ना? मी 'वडिलांनी नाही म्हटले' असं लिहिलंय. तसंच राहू द्या. तुमच्या वडिलांचा परवाना राहील, आणि कोणाचं काही बिघडणार नाही."

मी विचारले की पाणी उतरल्यावर वडिलांचाही जबाब होईल का. ते म्हणाले, होईल. मी विचारले की माझा जबाब त्यांना दाखवतील का. ते म्हणाले, "दाखवायची काय गरज? त्यांनी काय बोलायचं ते तुम्ही सांगालच त्यांना."

मी पाणी मागितले. ते दिले गेले.

नंतर जमादारांनी वरील सर्व मजकूर मला सावकाश वाचून ऐकवला. 'वडिलांनी नाही म्हटले' हे वाक्य मी खोडायला सांगितले आणि त्या जागी वडिलांचे शब्द जसेच्या तसे घालून घेतले. खोडलेल्या जागेशेजारी मी माझी आद्याक्षरे लिहिली आहेत. शेवटी एक वाक्य माझ्या सांगण्यावरून जोडले आहे: बाईंनी अर्थ वडिलांना नव्हे, मला विचारला होता, आणि मला तो ठाऊक होता. आता यात माझे नसलेले काही राहिलेले नाही.

सही / पेरीन ओव्रे