सोमाजीभाऊंचं तिसरं खोकं

आदरणीय अध्यक्ष प्राचार्य प्रफुल्ल सर, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती सोमाजीभाऊ आणि ब्रह्मपुरी-कुरखेड्याहून आलेल्या सर्वांना आफ्रीनचा नमस्कार. सोमाजीभाऊ आपल्या कॉलेजचे आवक-जावक कारकून, आणि मी वेबसाइटवाली. पत्रं पोहोचवणं हे आमचं दोघांचं काम, म्हणून बोलायला उभी राहिले.

आपली वेबसाइट ज्या प्रोग्रामच्या सांगाड्यावर उभी आहे, तो मी लिहिलेला. पूर्वी अर्ज भरून बटण दाबलं की वेबसाइट आधी ईमेल पाठवायची, मग अर्ज मिळाल्याचं सांगायची. आपल्याकडच्या नेटवर्कवर तोवर पोरांचा जीव जायचा. म्हणून ईमेलची कामं मी मागच्या बाजूला रांगेत लावली. पोच ताबडतोब, ईमेल सवडीनं. ईमेल नाही गेला तर पुन्हा पाठवायचा. स्वतःवर फार खूश होते मी.

मागच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी एक ईमेल पत्ता चुकीचा निघाला. माझी रांग दिवसभर तेच एक पत्र पाठवत बसली आणि मागची प्रवेश मिळाल्याची तीनशे अकरा पत्रं खोळंबली. प्रवेश नक्की करायला एकच दिवस उरलेला. मी वैतागून ते पत्र पुसायला निघाले, तेवढ्यात भाऊ आले.

"पुसू नको," ते म्हणाले. "पत्ता खोटा हाये, चिठ्ठी खरी हाये. तिले बाजूले ठेव ना. बाकीच्याइले काऊन अडवून राह्यली?"

मग त्यांनी टेबलावरची खोकी दाखवली. आलेलं, जायचं आणि तिसरं बिस्किटांचं. तीनदा पाठवून परत आलेलं पत्र त्या तिसऱ्यात पडायचं, आणि ते स्वतः शोध घ्यायचे. संगणकाला हात न लावलेल्या माणसाला हे कसं सुचलं असेल? मला अजून कुतूहल आहे, आणि थोडा रागही, की मला का नाही सुचलं.

मी तसाच नियम लिहिला. वीस मिनिटांत रांग मोकळी झाली. बाजूला पडलेलं पत्र कागदावर काढून, अर्जावरचं गाव शोधत भाऊ जीपनं कुरखेड्यापलीकडे गेले. ते सुकरीचं होतं. ती आज दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या रांगेत बसली आहे.

वेबसाइटमधल्या त्या तिसऱ्या खोक्याला मी 'सोमाजी' नाव दिलंय. आज सकाळी त्यात एकच पत्र होतं. भाऊंचं मानपत्र. अंदाजानं टाकलेल्या पत्त्यावर तीनदा जाऊन परत आलेलं. सगळ्यांची पत्रं पोहोचवणाऱ्या माणसाला ईमेल पत्ता आहे का, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही, याची मला लाज वाटते.

ते मी कागदावर काढलंय. सुकरी, ऊठ, भाऊंना हातात नेऊन दे.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल, तर पुसू नका, बाजूला ठेवा.