पांढऱ्याला पांढरं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले पशुवैद्य डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या जातिवंत मांजर मंडळाचे मावळते अध्यक्ष भाऊसाहेब, सेक्रेटरीबाई, आणि समोर बसलेल्या मांजरप्रेमी बंधुभगिनींनो,

आज रविवार, चोवीस नोव्हेंबर. सकाळी शर्टाला इस्त्री केली, बसने आलो, तिसऱ्या रांगेत बसलो. दोन भाषणं झाली, मानपत्र वाचून झालं, आता माझं नाव पुकारलं. नाव म्हणजे ‘डॉक्टरबाईंचे मिस्टर’. इथे माझी ओळख तेवढीच आहे आणि मला ती पुरते.

आमची ही दातांची डॉक्टर होती. समोरच्याला तोंड उघडायला लावणं हा तिचा व्यवसाय. त्यामुळे घरातलं बोलायचं खातं तिच्याकडे आणि ऐकायचं माझ्याकडे. मी लिफ्ट तपासणारा इंजिनियर. भाषणाची सवय नाही. मार्चमध्ये ही गेली, तेव्हापासून तर साधं बोलायचीही मोडली आहे. तरी आज उभा राहिलो, कारण कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे की, ‘कै. डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ त्यांची मांजरी साय भाऊसाहेबांकडे सुपूर्द करण्यात येईल.’ पत्रिका पोस्टाने घरी आली तेव्हा मला हे कळलं. त्याआधी मला कुणी विचारलं नव्हतं. सायलाही नाही.

भाऊसाहेबांच्या कार्याबद्दल मी काय सांगावं? बर्फासारखी पांढरी मांजरं, पिढ्यानपिढ्या, एकावरही डाग नाही. त्यांचा बादशहा आत्ता व्यासपीठावर मखमलीच्या उशीवर बसला आहे, आपण सर्वांनी त्याच्यासोबत फोटो काढले. मघाशी माइक केवढ्याने किंचाळला! अध्यक्ष महोदयांनी कानांवर हात ठेवले, मागे एक लहान मूल रडायला लागलं. बादशहा पंजा चाटत होता. निवेदक म्हणाले, “बघा मंडळी, याला म्हणतात खानदान! जागचा हलला नाही!” तुम्ही टाळ्या वाजवल्या. बादशहाने टाळ्यांकडेही मान वळवली नाही, म्हणून तुम्ही आणखी जोरात वाजवल्या.

मंडळी, तो बोका बहिरा आहे.

प्रमुख पाहुणे, तुम्हीही टाळ्या वाजवायला हात उचलले होते. ते अर्ध्यावर थांबले. मी पाहत होतो. तुमच्याबद्दल मला एवढंच बरं बोलता येईल.

मला जनुकं वगैरे कळत नाहीत. हिने जेवताना सांगितलेलं तेवढं ठाऊक आहे. पांढरं मांजर आतून पांढरं नसतं. आत काळा, करडा, पिवळा, कुठला तरी रंग असतोच, पण पांढऱ्याचं जनुक तो उमटू देत नाही. साय जन्मली तेव्हा तिच्या टाळूवर काजळाच्या बोटाएवढा काळा ठिपका होता. ही खूष झाली, “बघ, आत काळी आहे, आईवर गेली!” वर्षभरात ठिपका मावळला. पण ज्या पेशी रंग देतात, त्या कानाच्या आतही लागतात. तिथे त्या पोचल्या नाहीत तर कान जातो. कधी एक, कधी दोन्ही. निळ्या डोळ्यांच्यात जास्त. आणि आई-बाप दोघंही पांढरे असले, तर पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून येऊ शकतं आणि धोका आणखी वाढतो. म्हणून हिचा नियम होता, पांढऱ्याला पांढरं लावायचं नाही. पांढऱ्या मांजरीला रंगीत बोका, रंगीत मांजरीला पांढरा. निम्मी पिल्लं रंगीत निघाली तर निघाली. आणि त्या रंगीत पिल्लांकडे तुमच्या प्रदर्शनात कुणी वळून बघत नाही, हेही ती हसत सांगायची.

पिल्लं थोडी मोठी झाली की ही पडद्यामागे उभी राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवायची. पाय आपटायचा नाही, जमिनीची थरथर बहिऱ्यालाही कळते. मग जनावरांच्या दवाखान्यात नेऊन एकेक कान यंत्रावर तपासून घ्यायची. मी विचारलं, “अगं, किल्ल्यांना तर सगळी वळली. आता यंत्र कशाला?” म्हणाली, “एका कानाने ऐकणारंही वळतंच की. तू लिफ्टचा एकच ब्रेक बघून सही करतोस का?”

भाऊसाहेब काय करतात? गिऱ्हाइकाला सांगतात, “फार शांत पिल्लू आहे हो.”

असंच एक शांत पिल्लू एका शाळेतल्या बाईंनी नेलं. त्यांच्या शेजाऱ्याची गाडी फाटकातून मागे येत होती. त्या बाई टॉवेलात गुंडाळून ते आमच्या दारी घेऊन आल्या, कारण गल्लीत ‘डॉक्टर’ अशी पाटी आमचीच होती. सारख्या एकच म्हणत होत्या, “हॉर्न दिला होता हो त्यांनी. दोनदा दिला. पिल्लू बसूनच राहिलं.” करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हिने त्यांना पाणी दिलं आणि तशीच चप्पल घालून भाऊसाहेबांकडे गेली. मी सोबत होतो.

“भाऊसाहेब, पिल्लू बहिरं आहे हे त्या बाईंना सांगितलं होतंत?”

“शांत आहे म्हणून सांगितलं. खोटं होतं का?”

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“डॉक्टरबाई, मांजर काय रेडिओ ऐकणार आहे? तुम्ही दात बघा.”

पुढच्या बैठकीत हिने ठराव मांडला, पांढऱ्याला पांढरं लावू नये आणि प्रत्येक पांढऱ्या पिल्लाचे कान तपासावेत. वर गेलेला हात एकच होता. हिचा. सेक्रेटरीबाई, तुमचे शब्द मला आठवतात. तुम्ही म्हणालात, “झालं ना? चला, चहा निवतोय.” तेवढ्यावर विषय संपला. समोर बसलेल्यांपैकी बरेचजण त्या दिवशी होते. चहा सगळ्यांनी घेतला.

भाऊसाहेब, उठू नका. पुष्पगुच्छ मांडीवर आहे, पडेल.

ही गेल्यावर भाऊसाहेब भेटायला आले. पाच मिनिटं बसले. हिच्या फोटोकडे पाहिलं नाही. सायला उचललं, खिडकीशी नेऊन तिचे डोळे उजेडात पाहिले आणि म्हणाले, “डोळे तांबूस आहेत. पण चालेल. बादशहाला लावू.” माझ्या घरात, माझ्या बायकोच्या खुर्चीशेजारी उभं राहून! आणि निघताना वर म्हणाले, “काळजी घ्या.” मी त्यांना दारापर्यंत सोडलं. बोलायचं खातं माझ्याकडे कधीच नव्हतं.

निवेदकांची चिठ्ठी मिळाली. वेळ संपली म्हणतात. संपवतो.

हिने सायसाठी परगावचा एक काळा बोका पाहून ठेवला होता. दोन्ही कान तपासलेला. साय वयात आली की न्यायचं, असं ठरलं होतं. ते मला जमलं नसतं. मांजरीची बाळंतपणं मला येत नाहीत, आणि येत असल्याचा आव आणून पिल्लं वाढवणारे इथे भरपूर आहेत, त्यात माझी भर नको. आणि साय घरात तशीच राहिली असती, तर आज नाही उद्या कुणीतरी गोड बोलून माझ्याकडून ती नेली असती. म्हणून परवा मी तिची नसबंदी करून आणली.

हिने काळ्या मांजरींपासून वीस वर्षं जपलेला वंश सायपाशी संपला. मी संपवला. ही असती तर माझ्याशी महिनाभर बोलली नसती. पण भाऊसाहेब, तुमच्या मखमलीच्या उशीवर हिचं एकही नातवंड बसणार नाही. पत्रिकेतलं ते वाक्य खोडून टाका.

आपण मला बोलायची संधी दिलीत, माझं म्हणणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्ष महोदयांचा, मंडळाचा आणि सर्व श्रोत्यांचा मी आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर माझी सवय नाही हे लक्षात घेऊन पदरात घ्या.

जेवणाला थांबत नाही, राग नसावा. सायने टाके चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात प्लास्टिकची पसरट कॉलर बांधली आहे. ती ताटलीला अडते. हाताने भरवलं तरच खाते, आणि घरी मी एकटाच आहे. नमस्कार.