माठातली बिअर

बाटलीतली बिअर काय कुणीबी पितं, मी नव्वद साली कऱ्हाटीला घरी केली होती! वालचंदनगरच्या दोस्तानं कृती सांगितली. जवाला मोड आणले, वाळवून भरडले, शिजवले, यीस्ट घालून माठ कोपऱ्यात झाकून ठेवला. आठवड्यानं बघतो तर माठ रिकामा.

"आई, यातलं कुठं गेलं?"

"ती आंबील व्हय? लई आंबली हुती. ताक घातलं, लसणाची फोडणी दिली आन् तात्यांना वाढली."

जन्मात दारूला न शिवलेले माझे वडील ओसरीवर तिसरी वाटी संपवत होते. मला बघून प्रसन्न हसले.

"ये, बस. घरची आंबील पी. त्या वालचंदनगरच्या दोस्ताच्या नादानं बाहेरचं कायबाय पीत जाऊ नगंस."