आधी मनगटं झाक

सून – आई, दार लावा ना. पॅसेजमधून गार वारा येतोय.

सासू – वारा पॅसेजमधून नाही, तुझ्या खिडकीच्या फटीतून येतोय. आणि मी आले तेव्हा तू डोळे पुसत होतीस.

सून – सर्दी झालीय.

सासू – सर्दीनं नाक वाहतं गं. डोळे दुसऱ्या कशानं तरी वाहतात.

सून – आई, खरंच काम आहे मला. अकराला मॅडमचा व्हिडिओ कॉल आहे.

सासू – सकाळी फोनवर होत्या त्याच ना? मी काही भिंतीला कान लावून बसले नव्हते, भिंतच पातळ आहे. तीनदा ‘सॉरी’ म्हणालीस त्यांना. लग्नाला चार वर्षं झाली, मला एकदाही नाही म्हणालीस.

सून – तुम्हाला कधी म्हणायला हवं होतं?

सासू – असू दे. यादी काढायला आले नाही मी. काय झालं?

सून – चूक झाली. टायपिंगची.

सासू – टायपिंगच्या चुकीला एवढं रडतात?

सून – तुम्हाला माझं काम काय आहे ते तरी माहीत आहे का?

सासू – पहिले सहा महिने मला वाटायचं, तू आत बसून गाणी ऐकतेस.

सून – गाणी! डॉक्टर बोलत असतात कानात, दिवसभर. पेशंट तपासून झाला की बोलून ठेवतात. कुणाचं पोट, कुणाचा गुडघा, कुणाला काय औषध, किती. मी ऐकून टाईप करते. ते जसंच्या तसं वॉर्डात जातं. परवा डॉक्टर ‘पाच’ म्हणाले आणि माझ्याकडून पन्नास पडलं.

सासू – अरे देवा.

सून – तिथल्या सिस्टरला आकडा खटकला, म्हणून तिनं विचारलं. नाहीतर दहापट औषध गेलं असतं त्या माणसाच्या पोटात. त्याचं वयही माहीत आहे मला. मीच टाईप केलंय. बहात्तर.

सासू – वाचला ना?

सून – वाचला. त्याला काही कळलंही नसेल.

सासू – मग तू चुकीचं ऐकलंस का?

सून – ऐकलं बरोबर. मॅडमना मात्र मी म्हणाले, हेडफोनमध्ये खरखर येते.

सासू – येते?

सून – नाही.

सासू – हात दे इकडे.

सून – आई –

सासू – दे म्हणते ना. बाई गं! हे हात आहेत की बर्फाच्या लाद्या? आणि केस ओले. या थंडीत डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या केसांनी बसलीस?

सून – कॉलवर नीट दिसायला हवं ना. म्हणून हा कुर्ताही बाहेरचा घातलाय. खाली ब्लँकेट आहे गुंडाळलेलं.

सासू – वरून साहेब, खालून पेशंट! ब्लँकेट झोपायला असतं, कामाला कपडे लागतात. हात बाहेर काढलास की ब्लँकेट घसरतं, ते सावरायला पुन्हा हात. निम्मा दिवस त्या ब्लँकेटशी मारामारीत जातो तुझा. हीटर का नाही लावत?

सून – लावला की फ्यूज उडतो. गेल्या आठवड्यात दोनदा उडाला. तुमचा टीव्ही बंद पडला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘झालं हिचं सुरू.’

सासू – म्हणाले असेन. थांब जरा, आलेच मी.

सून – आता काय आणताय? पाऊण तास राहिलाय फक्त.

सासू – पाऊण तासात मी सहाजणी तयार करायची. हा पंचा घे, आधी केस कोरडे कर. मुळापासून. आता तो कुर्ता काढ आणि हा सुती बनियन घाल आत, अंगासरशी. सुती कापड घाम टिपतं. त्यावर हा पातळ स्वेटर. जाड नको, पातळच. त्यावर मग तुझा तो बाहेरचा.

सून – एकावर एक? फुगा दिसेन मी.

सासू – दोन पातळ कपड्यांच्या मध्ये जी हवा राहते ना, ती ऊब धरते. एकच जाड घातलास तर नुसतं ओझं. मोजे काढ.

सून – दोन दोन घातलेत, तरी पाय गारच.

सासू – दोन घातलेस म्हणूनच गार. आवळून बांधल्यासारखे झालेत, रक्त कुठून फिरणार? एकच घाल, सैल. आणि पाय फरशीवर नाही ठेवायचे. हा खोक्याचा पुठ्ठा घे खाली. आता हात पुढे कर.

सून – हे काय? हा तर यांचा लोकरी मोजा!

सासू – टाच फाटली होती. पंजा कापून टाकला, वरची नळी राहिली. मनगटात चढव. अंगठ्यापुरतं भोक पाडलंय बघ. बोटं मोकळी, मनगट झाकलेलं. आधी मनगटं झाकायची, बोटं आपोआप वळणावर येतात. बोटांत जाणारं रक्त तिथूनच जातं.

सून – हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?

सासू – कोणी नाही. बावीस वर्षं कोल्ड स्टोरेजला होते, माहीत आहे ना तुला?

सून – पॅकिंगला होतात एवढंच माहीत आहे.

सासू – पॅकिंग बाहेरच्या खोलीत. ती बरी. पण माल आणायला आत जायचं. उणे अठरा. श्वास सोडला की पापण्यांवर पांढरं धरायचं. आम्ही बायका एकमेकींना तपासून आत सोडायचो, कुणाचं मनगट उघडं आहे, कुणाची कंबर. मुकादम हसायचा, म्हणायचा, लग्नाला निघाल्यात.

सून – हातमोजे नव्हते देत?

सासू – द्यायचे की. अस्वलाच्या पंजाएवढे. ते घालून वाटाणा निवडून दाखव! हात चालेना, की बाई संथ झाली. संथ बाई नको असायची त्यांना. मग आम्ही काढून ठेवायचो. ही दोन बोटं बघ.

सून – काय झालंय? काही दिसत नाही.

सासू – दिसत नाहीच. चिमटा काढ. जोरात काढ. अजून.

सून – आई, लागेल!

सासू – हेच. नाही लागत. पंधरा वर्षं झाली, या दोघांना काही कळत नाही.

सून – डॉक्टरांना दाखवलंत?

सासू – सुरुवातीला नुसत्या मुंग्या यायच्या. म्हटलं, जातील. मुकादमाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी उभी. घरी सांगितलं असतं तर तुझे सासरे म्हणाले असते, सोड काम. झाकली मूठ बरी, असं वाटलं तेव्हा.

सून – यांना माहीत आहे?

सासू – त्याला वाटतं संधिवात आहे. मीही तसंच वाटू दिलं.

सून – थांबा. गेल्या महिन्यात माझा निळा कप फुटला...

सासू – सुटला गं हातातून. धरलाय असंच वाटत होतं मला.

सून – मला वाटलं, तुम्ही आपटलात. आदल्या दिवशी मी तुमच्या तोंडावर दार लावलं होतं, म्हणून.

सासू – मी तुझा कप आपटीन?

सून – वाटलं खरं. आठ दिवस धड बोलले नाही तुमच्याशी.

सासू – मला वाटलं, कामाचा ताण असेल. आणि दार तू माझ्यावरच लावतेस ना?

सून – तुमच्यावर कशाला? पेशंटची नावं असतात स्क्रीनवर. घरातल्या कुणालाही दिसता कामा नयेत, असा नियम आहे.

सासू – मग तसं सांगायचं! मी आपली रोज त्या दाराकडे बघून म्हणायची, म्हातारी नको झालीय हिला.

सून – आई...

सासू – रडू नकोस आता, डोळे सुजलेले दिसतील. अकरा वाजले बघ.

(लॅपटॉपवर कॉल वाजतो. सासू पडद्याआड, खिडकीशी सरकून उभी राहते.)

मॅडम – येतोय का माझा आवाज? अरे वा, आज डोंगर चढायला निघालात की काय?

सून – नाही मॅडम. घरातच थंडी आहे.

मॅडम – बरं. त्या पन्नासच्या रिपोर्टचं आज मिटवायचंय मला. हेडफोनमध्ये खरखर होती म्हणालात ना? तसं लिहून टाकते. हेडफोन बदलून देऊ, विषय संपला.

सून – मॅडम, तसं नका लिहू.

मॅडम – म्हणजे?

सून – हेडफोन चांगला आहे. मला ‘पाच’ स्पष्ट ऐकू आलं होतं. बोटं बधिर झाली होती माझी. शून्य कधी दाबलं गेलं ते कळलंच नाही. आणि नंतर वाचून बघायला हवं होतं, तेही नाही बघितलं. हात खिशात घालायची घाई होती.

मॅडम – हे सकाळी का नाही सांगितलंत?

सून – लाज वाटली. घरात बसून काम करायचं आणि म्हणायचं थंडी वाजते. शिवाय काम जाईल अशी भीती होती.

मॅडम – हेडफोनचा दोष असता तर तुम्ही सुटला असता. आता तुमच्या नावावर लागणार हे.

सून – लागू दे.

मॅडम – दोन आठवडे तुमचा प्रत्येक रिपोर्ट दुसरं कुणीतरी वाचेल. औषधांचे रिपोर्ट तोवर मिळणार नाहीत तुम्हाला.

सून – चालेल. बरंच वाटेल मला.

मॅडम – आणि एक सांगा. बधिर म्हणजे किती? या महिन्यात आकड्यांच्या चुका चौघींच्या झाल्यात. मी आपली सगळ्यांचे हेडफोन बदलत बसलेय.

सासू – चौघींनाही मनगटं झाकायला सांगा.

मॅडम – कोण बोललं? खोलीत कोण आहे तुमच्या?

सून – सासूबाई आहेत. स्क्रीन दिसत नाहीये त्यांना, मॅडम, त्या मागे खिडकीशी आहेत. बावीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये होत्या.

मॅडम – नियम माहीत आहे ना तुम्हाला?

सून – माहीत आहे. आता जातील त्या.

मॅडम – जायच्या आधी विचारा त्यांना, मनगटं कशानं झाकायची. माझीही सकाळपासून उघडीच आहेत.

सासू – जुना लोकरी मोजा घ्या. पंजा कापा, नळी ठेवा. आणि तासातून एकदा उठा खुर्चीवरून. बूड हललं की बोटं हलतात.

मॅडम – लिहून घेतलं. शेवटचं वाक्य जरा बदलून पाठवते सगळ्यांना. ठेवते.

सून – गेल्या एकदाच्या. आई, तुम्ही बोललात!

सासू – राहवलं नाही गं. चौघी म्हणाल्या ना त्या. काम राहिलं ना तुझं?

सून – राहिलं. नावावर डाग लागला, पण राहिलं.

सासू – डाग धुता येतो. चल, टेबल धर.

सून – टेबल? कुठे?

सासू – पुढच्या खोलीत. तिथं चारपर्यंत ऊन असतं. तू भिंतीला पाठ लावून बस, म्हणजे स्क्रीन कुणाला दिसायची नाही. मी असते समोर.

सून – आणि तुमचा टीव्ही? दुपारची मालिका?

सासू – दुपारी मी त्याला बघतच नाही, घोरते. तोच मला बघत असतो. उचल. डावीकडून.

सून – थांबा, जड बाजू मला द्या. तुमच्या हातातून सुटेल.

सासू – हं. घे.

सून – आई, संध्याकाळी हे आले की मी सांगणार आहे त्यांना. माझ्या पन्नासचं आणि तुमच्या बोटांचं, दोन्ही.

सासू – माझं कशाला?

सून – उद्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून. मीही येणार आहे सोबत.

सासू – पंधरा वर्षांनी काय होणार आहे?

सून – माहीत नाही. विचारून तर बघू.

सासू – बरं. पण त्याला आधी जेवू दे.